कापसाच्या गाड्यांना ओली गोणपाटं

कापूस विकायला निघण्याआधी मी यादी करतो. त्या साली तिसरं कलम होतं: गाडीच्या चारी बाजूंना ओली गोणपाटं बांधणे. आदल्या हंगामात चिलमीच्या ठिणगीनं आमची एक गाडी वाटेत जळाली होती. यादी मी पारावर वाचून दाखवली आणि डोणगावच्या अकराही गाड्यांनी ती पाळली.

दोन मुक्काम करून सकाळी खामगावच्या बाजारात पोचलो. पहिली गाडी माझी. व्यापाऱ्यानं कडेनं हात खुपसला, कापूस मुठीत दाबला.

"पाणी मारलं," तो म्हणाला.

आवाज चढवला नाही, म्हणूनच मी घाबरलो. वजनासाठी कापूस भिजवणाऱ्या गावाच्या गाड्या तिथे पुन्हा कुणी उभ्या राहू देत नसे. मागे दहा गाड्या होत्या, त्यांनी माझंच ऐकलं होतं. मी गोणपाटाचं कारण सांगितलं. सबब बरी शोधली, म्हणाला.

नागपूरहून येणाऱ्या शेतकी पत्रकात वाचलेलं आठवलं: कापूस हवेतला ओलावा पितो, उन्हात सोडतो. मी म्हटलं, सोनाराचा काटा मागवा. सारख्या वजनाचे तीन वाटे करू: गाडीच्या कडेचा, गाडीच्या पोटातला आणि तुमच्या वखारीतला. उन्हात पसरू, दुपारी पुन्हा तोलू. लबाड माणूस पाणी पोटात मारतो, कडेला नाही.

"माह्या वखारीतला काऊन?"

"भाव तुम्ही वजनावर देता शेठ. वजन हवेवर चालते."

दुपारपर्यंत आमच्यातल्या कुणी शिदोरी सोडली नाही. कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं.

कडेचा वाटा बराच घटला. पोटातला जरासा. मग वखारीतला काट्यावर चढला. तोही पोटातल्याइतकाच घटलेला. व्यापाऱ्यानं पारडं झटकलं, पुन्हा तोललं. तेवढाच.

"म्हंजे मीबी पाणी मारलं म्हना," तो म्हणाला. कुणी हसलं नाही. मग त्यानं अकराही गाड्या आत घ्यायला सांगितल्या. कडेचा कापूस अंगणात वाळवायचा, माप उद्या.

मागच्या गाडीवरून माझा चुलता उतरला. त्याला वाचता येत नव्हतं. तिसरं कलम कोणतं ते विचारून त्यानं माझ्याकडून ते सर्वांसमोर खोडून घेतलं.

"अन् ठिणगीचं काय, काका?" मी विचारलं.

त्यानं उपरणं पसरलं, अकरा गाडीवानांच्या चिलमी त्यात गोळा केल्या आणि गाठ मारली.

"हे लिव."