लंगडे ससे

धाकट्या दिराला घरात सगळे ‘शास्त्रज्ञ’ म्हणत. औषधांच्या प्रयोगशाळेत तो सशांवर नवी औषधं तपासायचा आणि घरी आला की जगाला शहाणपण शिकवायला बसायचा. सकाळी वहिनी देवापुढे दिवा लावू लागली की खुर्चीतून आवाज यायचाच, “वहिनी, तुमच्या देवानं एक तरी गोळी शोधली का हो?”

वहिनी उत्तराच्या भानगडीत पडत नसे. एवढ्या विद्वानाला स्वतःचा चहाचा कप उचलून ठेवता येत नाही, याचंच तिला नवल वाटे.

त्या रविवारी स्वारी भलतीच खुशीत होती. त्याचं गुडघेदुखीचं औषध आता बाजारात येणार होतं. जेवताना फुशारकीच्या भरात तो बोलून गेला, “काही ससे लंगडायला लागले होते. पण डोकं लागतं! ते मुळात आजारीच होते असं दाखवलं आणि काढले बाजूला. उरलेले टुणटुणीत!”

“आणि होते का ते आजारी?” वहिनीनं वाढता वाढता विचारलं.

“तुम्हाला नाही कळायचं. असल्या भाबडेपणानं विज्ञान पुढे जात नसतं.”

सासूबाईंना त्यातलं एकच कळलं, औषध तयार आहे. वर्षानुवर्षं भिंत धरून चालणारी ती बाई. त्याच्या बॅगेतून डोकावणारी बाटली घेऊन त्यांनी गोळी तळहातावर काढलीसुद्धा. “लेकाच्या हातचं औषध! पहिली मीच घेते.”

शास्त्रज्ञ ताडकन उठला. खुर्ची आडवी झाली. आईच्या हातावर फटका मारून त्यानं गोळी उडवली. “वेडी आहेस का? ती तुझ्यासाठी नाही!”

“मग कुणासाठी रे?”

“लोकांसाठी,” तो म्हणाला आणि गोळी शोधायला टेबलाखाली शिरला.

“भावजी, लोकांना आया नसतात वाटतं?” वहिनी म्हणाली.

त्यानं गोळी शोधून काढली आणि बाटलीसकट बॅगेत कोंबली.

औषध बाजारात आलंच. कंपनीनं त्याला चकचकीत मानचिन्ह दिलं. रोज देवाची टर उडवणारा गडी ते घेऊन आला आणि म्हणाला, “आई, देवाजवळ ठेव ना.”

वहिनी देवघराच्या दारातच वाट अडवून उभी राहिली. सासूबाईंनी मानचिन्ह हातात घेतलं, भिंत धरत बाहेर गेल्या आणि ते चपलांच्या कपाटावर ठेवून आल्या.

येणारा-जाणारा ते बघून विचारतोच. सासूबाई गुडघा चोळत सांगतात, “माझ्या लेकानंच शोधलंय ते औषध. घेऊ नका हं.”