अण्णाची बैलमोटार

अण्णा गेल्याचा निरोप शेजारच्या डॉक्टरांच्या फोनवर आला. "आत्या, अण्णा गेले. झोपेतच गेले," एवढंच बोलून पुतण्यानं फोन ठेवला. अंबाजोगाईहून एसटीनं मी वडवणीला पोचले तेव्हा आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे अण्णाला विभूती लावून अंगणात बसवलं होतं. ऐंशीला टेकलेला माणूस, कुणाच्या हातचं खायची वेळ न येता गेला, त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. तरी भाऊ तो भाऊ, रडले. पण आज लिहायला बसले ती रडू येतंय म्हणून नाही. राग येतोय म्हणून. तिसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. इनामदारांचा नातू, जो आता आमच्या भागाचा मोठा पुढारी आहे, नव्या पांढऱ्या मोटारीतून उतरला आणि माईक धरून म्हणाला, आमच्या दोन्ही घराण्यांचा तीन पिढ्यांचा स्नेह होता. स्नेह... मी पुढच्याच सतरंजीवर बसले होते. सभा संपल्यावर हाच नातू मला म्हणतो, "आत्याबाई, बसा की गाडीत, घरी सोडतो. जपानी बनावट हाय. तेल पीत न्हाई, कटकट न्हाई, एकदा घेतली की माणूस बिनघोर." मी म्हटलं, माझे पाय अजून धड आहेत बाबा. आणि उन्हातनं चालत घरी आले. त्याला सात आठवडे झाले. राग उतरेल म्हणून वाट पाहिली, तो काही उतरत नाही. मग म्हटलं, ज्या घरानं जपानी मोटारीची शोभा केली त्या घराच्या नातवाला स्नेहाचा खरा इतिहास कुणीतरी सांगायला हवा.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. आमचं वडवणीत कापडाचं दुकान, आणि अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ मल्लिनाथ, गाठी आणायला हैदराबादला जायचा. एकदा तो गेला तो गाठीऐवजी मोटार घेऊन आला. लहानशी, हिरवी, जपानी. गावात तोवर एकच मोटार होती, इनामदारांची. ती अमेरिकन, हत्तीएवढी, चार माणसांनी ढकलल्याशिवाय हिवाळ्यात चालू न होणारी. आणि जपानी माल म्हणजे त्या काळी काय, तर बाजारात चार दिवस टिकणारी खेळणी आणि पहिल्या धुण्यात रंग सोडणारं कापड. बाबा कपाळाला हात लावून बसले. अण्णा म्हणाला, "बाबा, ही कंपनी मोटारीवाली न्हाई. माग करणाऱ्यांची हाय." सिकंदराबादच्या एजंटानं त्याला एक पुस्तिका दिली होती. शाळेतले मास्तर ती ओसरीवर बसून वाचून दाखवायचे. त्या कंपनीचा मूळ पुरुष खेड्यातला सुतार. आईला हातमागावर राबताना बघून त्यानं निराळा माग केला. त्या मागाचं वैशिष्ट्य असं की एक धागा तुटला तरी माग आपोआप थांबायचा. खोटं कापड पुढं विणायचाच नाही. मग पोरानं बापाच्या मागावर कमावलेल्यातून मोटारी करायला घेतल्या. अण्णाला ही गोष्ट इतकी आवडली की येईल त्याला सांगायचा. "खोट दिसली की थांबतो, असा माग करणारा माणूस आपल्याला फशिवल का?" मास्तरांनी पुस्तिकेत कितपत भर घातली होती ते त्यांनाच माहीत. मीही कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. त्यांची फुकट जाहिरात करायचं मला कारण नाही.

परवाना काढून अण्णानं ती बीड ते मोमिनाबाद उतारूंसाठी चालवायला घेतली. गाडीला नावं ठेवायची तर मीही ठेवीन. सीट अरुंद, जाड माणूस बसला की शेजारच्यानं दाराबाहेर हात काढून बसायचं. स्प्रिंगा कडक, घाट उतरेपर्यंत पोटातलं पाणी हलायचं. पण पाऊस असो, चिखल असो, अर्ध्या हँडलात चालू व्हायची. मोमिनाबादच्या एका डॉक्टरांनी तसलीच गाडी घेतली होती. ते म्हणायचे, "हलकी हाय, पण दगाबाज न्हाई." सिंदफणा नदीच्या वाळूत इनामदारांची अमेरिकन रुतून बसायची, तिला काढायला बैलांच्या दोन जोड्या लागायच्या, आणि अण्णा शेजारून भुर्रकन निघून जायचा. इनामदारांना ते लागलं. लागणारच. रस्त्यानं त्यांच्या पुढं जायची कुणाची छाती नव्हती. तहसीलदारसुद्धा त्यांच्या ओसरीवर चप्पल काढून चढायचा. ते अण्णाच्या गाडीला 'पत्र्याचा डबा' म्हणायचे आणि अण्णा ऐकून हसायचा. माझा भाऊ तेव्हा हसरा होता. हे मुद्दाम सांगतेय.

त्या वर्षी पंचमीला मी माहेरी आलेली, पोळ्यापर्यंत राहिले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पोळ्याचं पुरण आईनं माझ्याकडं सोपवलं. माझं पुरण म्हणजे घरात चेष्टेचा विषय. पाट्यावर कितीही रगडा, डाळीचे अर्धे दाणे राहायचेच. अण्णा पोळी खाताना म्हणायचा, "गंगे, सासरी दात पाडशील कुणाचे तरी." आता आमचं घर दुकानदाराचं, दावणीला बैल नाही. पण अण्णाच्या मनात आलं, मोटार हाच आपला बैल, तीच आपल्याला पोसते, तिला वेशीत न्यायची. पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून कुणाची जोडी कितवी जाते यावर आमच्याकडं डोकी फुटतात. पहिला मान इनामदारांचा. अण्णानं सगळ्यात शेवटचा मागितला आणि इनामदार हसून हो म्हणाले. दुपारी मी न सांगता मोटारीची चाकं धुतली, खुरांवर पाणी घालतात तशी. हळद-कुंकू वाहिलं. आणि नैवेद्य... बैलाला नैवेद्य ताटात दाखवून भागत नाही, त्याच्या तोंडात द्यावा लागतो, तो खाल्ल्याशिवाय घरातलं कुणी जेवत नाही. अण्णा तिला रोज कुठून पाजतो ते मी बघितलं होतं. मागच्या बाजूला पितळी झाकण होतं. मी ते फिरवलं आणि पुरणाचा चांगला लिंबाएवढा गोळा बोटानं आत ढकलला. वर दुधाचं भांडं लावलं. हात जोडले, झाकण लावलं, आणि समाधानानं चुलीपुढं येऊन बसले.

संध्याकाळी आम्ही बाया माळवदावर चढलो. सगळ्या जोड्या गेल्या. शेवटी अण्णाची मोटार आली, बॉनेटवर झूल, दिव्यांना गोंडे. तोरणाच्या बरोबर खाली येऊन तिनं दोन आचके दिले आणि ती थांबली. अण्णानं हँडल मारलं, पुन्हा मारलं. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटलेला मला वरून दिसत होता. तेवढ्यात इनामदार मोठ्यानं म्हणाले, "मल्लाप्पा, कशाला दमतो बे? आज बैलाचाच सण हाय. आना रे ते म्हातारं ढोर." त्यांच्या गड्यांनी दावणीतला सगळ्यात मरतुकडा, एका डोळ्यानं आंधळा बैल आणला आणि मोटारीला जुंपला. अण्णाला खाली उतरू दिलं नाही, स्टेअरिंगवर धरून बसवलं. वाजंत्री लावून मारुतीला तीन फेऱ्या घातल्या. गाव हसलं. ज्यांना अण्णानं फुकट बीडला नेलं होतं तेही हसले, आणि त्यांची नावं मला आजही पाठ आहेत. त्या दिवसापासून गाडीचं नाव पडलं बैलमोटार. उतारू तिच्यात बसेनात. बसले तर वाटेत टिंगल करायचे, अण्णा, पेंड घातली का आज? बाबांनी त्या दुःखानं अंथरूण धरलं आणि दिवाळीच्या आत गेले. हा तुमचा तीन पिढ्यांचा स्नेह.

दुसऱ्या दिवशी बीडचे रहीमचाचा मिस्त्री आले. दार लावून घेऊन त्यांनी आणि अण्णानं गाडी खोलली. बऱ्याच वेळानं दोघं बाहेर आले. चाचा म्हणाले, "गाडी में खोट नै. पेट में गूळ गया है." गल्लीतले लोक जमले होतेच. अण्णा त्यांच्याकडं बघून म्हणाला, "कुनाच्या घरात गुळाच्या ढेपा हायत ते साऱ्या गावाला ठाव हाय." झालं. इनामदारांच्या माणसानं टाकीत गूळ घातला, ही बातमी आठवडी बाजारानं चारी दिशांना नेली. मी आत भिंतीला टेकून उभी. सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी सासरी गेले आणि ते तोंड मी जन्मभर मिटून ठेवलं. पुढं शिकले, मास्तरीण झाले, पोरांना खरं बोलावं म्हणून शिकवलं, आणि दर राखीला भावासमोर खोटी बसले.

अण्णाचं हसणं तिथं संपलं. पण त्यानं गाडी विकली नाही. एकेक उतारू परत मिळवला. मग लढाई आली, पेट्रोल परमिटावर गेलं, आणि इनामदारांची अमेरिकन गोठ्यात उभी राहिली. कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालायच्या. अण्णाची गाडी चिमूटभर तेलात चालायची. अशात एका दुपारी इनामदारांची सून अडली. सुईणीनं हात टेकले. इनामदार स्वतः, डोक्याला पागोटं नाही, आमच्या दारात आले. मी त्या वेळी तिथं होते. मी अण्णाला म्हटलं, "आधी बैल जुंप म्हणावं." त्याच्या जागी मी असते तर खरंच शब्द घेतल्याशिवाय हँडल मारलं नसतं, मी काही संत नाही. अण्णानं हँडल हातात घेतलं. गाडी काढली, सुईणीला आणि सुनेला मागं घातलं, आणि बीडच्या दवाखान्याकडं सुटला. दवाखाना गाठायच्या आधीच, त्या अरुंद सीटवर, बाळ झालं. मुलगा. पुढाऱ्यांनी आपल्या आईला कधी विचारलं नसेल तर मी सांगते, तुमची जन्मभूमी वडवणी नव्हे. पत्र्याचा डबा आहे.

बारशानंतर इनामदार लुगडं-नारळ घेऊन आले. अण्णानं ताटाला हातही लावला नाही. म्हणाला, "नारळ नको. येत्या पोळ्याला माजी गाडी वेशीतून पहिली जाईल. तुमची जोडी मागनं. आन् तिची पूजा तुमी करायची. चाकं धुवून." इनामदारांनी ताट उंबऱ्यावर ठेवलं. मग हो म्हणाले. त्या पोळ्याला मी सासरहून मुद्दाम आले, आणि सांगते, अख्ख्या आयुष्यात मला पोळा तेवढा गोड लागला नाही. इनामदार वेशीत खाली वाकले. चारी चाकांवर पाणी घातलं, कुंकू वाहिलं, हात जोडले. या वेळी गाव हसलं नाही. त्यांच्या हातात पुरणपोळीचं ताट होतं. ते गाडीच्या मागच्या बाजूला वळले तसा अण्णा मध्ये आला, पितळी झाकणावर तळहात ठेवला आणि म्हणाला, "नैवेद्य पुढं ठिवा इनामदार. तोंडात न्हाई घालायचा." आणि मान वर करून आम्ही बाया उभ्या होतो त्या माळवदाकडं बघितलं. मला वाटलं, माझ्या शेजारी उभ्या वहिनीला बघतोय.

लढाईपासून सुटे भाग येईनासे झालेच होते, राज्यही बदललं, गाडी एक दिवस कायमची थांबली. अण्णा म्हणायचा, "मागवाली लोक हायत, परत येतील." आमची शेवटची भेट उन्हाळ्यात झाली. ओसरीवर बसलो होतो, रस्त्यानं ती नवी पांढरी इवलीशी मोटार गेली. अण्णाला दिसत कमी होतं. कान देऊन म्हणाला, "गंगे, आवाज आयकला का? तीच जात हाय." मग म्हणाला, "कुनाची हाय?" मी म्हटलं, इनामदारांच्या नातवाची. अण्णा हसला. कितीतरी वर्षांनी, पूर्वीसारखा. म्हणाला, "आता बसा म्हनावं डब्यात."

गेल्या आठवड्यात पुतण्या येऊन एक डबी देऊन गेला. विभूतीची जुनी पितळी डबी, अण्णाच्या उशाच्या पेटीत सापडलेली. आत चिठ्ठीवर माझं नाव. चिठ्ठीखाली तारेची एक जाळी होती, इंजिनाकडं तेल जातं त्या नळीतली, रुपयाएवढी. जाळीला तीन दाणे चिकटले होते. काळे, दगडासारखे झालेले. नखानं खरवडून बघितलं. हरभऱ्याची डाळ. अर्धवट रगडलेली.

वैर करणारा माणूस टाकीत माती घालील, गूळ घालील. पुरण कोण घालतं? आणि तेही असलं, दाणे राहिलेलं? चाचानं जाळी हातात दिली त्याच क्षणी अण्णाला कळलं होतं. गल्लीतल्या लोकांपुढं त्यानं इनामदारांकडं बोट केलं ते मला झाकायला. सासरी मला कुणी बोल लावू नये म्हणून. पन्नास वर्षं मी त्याच्यापासून लपवत होते आणि तो माझ्यासाठी लपवत होता... त्या पोळ्याला माळवदाकडं त्यानं बघितलं ते वहिनीला नव्हतं.

तेव्हा आता छापून सांगते, म्हणजे पुढाऱ्यांना कात्रण ठेवता येईल. गाडीत खोट नव्हती; नको ते पोटात गेल्यावर ती थांबली, मागवाल्याच्या गाडीनं थांबायलाच हवं. टाकीत गूळ इनामदारांनी घातला नाही, मी घातला. तो आळ मी मागं घेते. बैल त्यांनी जुंपला. ते मागं घेत नाही, मरेपर्यंत घेणार नाही. पोळा आठ दिवसांवर आलाय. मी पुरण करणार आहे, दाणे ठेवूनच. ताटात डबी ठेवीन, झाकण घट्ट लावून, आणि पहिला घास तिला दाखवीन. पुढाऱ्यांनी आपली पांढरी गाडी घेऊन दर्शनाला जरूर यावं. येताना पाण्याचा तांब्या आणावा. चाकं कशी धुतात ते त्यांच्या आजोबांना चांगलं येत होतं.