अकारविल्हे अकरा घरं

एप्रिलच्या वार्षिक सभेत मला विश्रांती देण्यात आली. मी ती मागितली नव्हती.

आमच्या चर्चमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीने भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस घ्यायचा विधी. आजारपणामुळे किंवा वयामुळे ज्यांना उपासनेला येणं जमत नाही, त्यांच्याकडे पाळकसाहेब उपासना संपल्यावर भाकर आणि द्राक्षरस घेऊन घरी जातात. कुठलं घर आधी, कुठलं नंतर, हे एकोणीस वर्षं मी ठरवत होते. सध्या अशी अकरा घरं आहेत.

नवा सेक्रेटरी चाळिशीच्या आतला आहे, एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि मला आंटी म्हणतो. सभेत उठून तो म्हणाला, "आंटींनी खूप सेवा केली. आता त्यांचं वयही झालं. आपण त्यांना विश्रांती देऊ या." टाळ्या झाल्या. मला शाल दिली. लोकरीची. सोलापुरात, एप्रिलमध्ये.

मी पंचावन्न वर्षांची आहे. शाळेच्या ऑफिसात पूर्णवेळ नोकरी करते आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर दिवसातून चार वेळा चढते. लिफ्टला मी हात लावत नाही. वय झालं म्हणे.

सभेनंतर तो चपला घालता घालता म्हणाला, "आंटी, ती लिस्ट पाठवून द्या ना व्हॉट्सअ‍ॅपवर. आता सगळं सिस्टीमने करू."

"कशी पाठवू?"

"कशी म्हणजे? साधीच. नाव, पत्ता. अल्फाबेटिकल असली तर बेस्ट."

मी म्हटलं, "बरं."

घरी येऊन मी कपाटातून माझी जाड वही काढली. त्या वहीत नाव आणि पत्ता ही सगळ्यात कमी कामाची माहिती आहे. कोणाची बेल बंद आहे आणि मागच्या दाराने जायचं, कोणाला भाकर गिळता येत नाही म्हणून ती रसात भिजवायची, कोणाकडे दुपारी दोननंतर सून झोपते आणि दार उघडत नाही, कोणते दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून एकाकडून दुसऱ्याकडे सरळ जायचं नाही, हे सगळं तिच्यात आहे. आणि पहिल्या पानावर पहिलं घर आमच्या बाईंचं. बाई म्हणजे मला चौथीत शिकवलेल्या. आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या, एकट्या राहतात. प्रभुभोजन घेतल्याशिवाय बाई त्या दिवशी चहासुद्धा पीत नाहीत. रिकाम्या पोटी चालत नाहीत म्हणून बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्याही नाहीत. मी त्यांच्याशी वाद घालून थकले आणि शेवटी त्यांना पहिल्या नंबरावर घेतलं. अकराच्या आत पाळकसाहेब त्यांच्या दारात.

मी यादी अकारविल्हे लावली. बाईंचं नाव 'ह'वरून. त्या अकराव्या आल्या.

मी ते पाहिलं. दिसलं नाही असं म्हणता येणार नाही, कारण मी यादी नेहमी दोनदा तपासते. मला वाटलं, आदल्या दिवशी तरी तो विचारायला येईल. "आंटी, यातलं काही कळत नाही" असं म्हणेल, मग मी त्याला बसवेन, पाणी देईन आणि थोडा वेळ काहीच बोलणार नाही. ते पाणी कुठल्या पेल्यात द्यायचं इथपर्यंत माझं ठरलं होतं. तो आला नाही.

मेच्या पहिल्या रविवारी उपासना साडेदहाला संपली. तो पाळकसाहेबांना गाडीत घालून घेऊन गेला. मी घरी आले, जेवण केलं आणि घड्याळासमोर बसले.

माझ्याइतका तो रस्ता कोणाला माहीत नाही. पहिलं घर आमच्याच भागात, दुसरं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गिरणीच्या बाजूला, तिसरं परत इकडे. मी मनात त्यांच्याबरोबर चालले होते. आता दुसऱ्या घराची बेल दाबतायत. दाबा. आणखी दाबा. पाचवं आणि सहावं घर त्या दोन भावांचं, लागोपाठ. धाकटा विचारणार, "आधी त्याच्याकडं जाऊन आलात व्हय?" आणि दार लावून घेणार. बाहेर डांबर वितळतंय. त्याच्या शर्टाची इस्त्री आता गेली असेल. मला हसू आवरेना.

नवरा पेपर वाचत होता. म्हणाला, "एकटीच काय हसतेयस?"

"विश्रांती घेतेय."

"असली विश्रांती मी तरी बघितली न्हाय. महिनाभर दात खाऊन झोपतेस की."

अडीच वाजता माझ्या हिशेबाने ते सातव्या घरी होते. म्हणजे बाई अजून उपाशी. मी उठले आणि परत बसले. आता फोन केला तर सगळं वाया. तो म्हणेल, थँक्यू आंटी, आणि पाचच मिनिटांत त्याचं सगळं नीट होईल. बाई काही लहान नाहीत, भूक लागली तर खातील, असं मी स्वतःला सांगितलं. त्या खाणार नाहीत हे मला चाळीस वर्षांपासून माहीत होतं. तरी मी आणखी अर्धा तास बसले. हा अर्धा तास मी कोणाला सांगितला नव्हता. इथे पहिल्यांदा लिहितेय.

तीनला मी स्कूटरची किल्ली घेतली.

बाईंच्या शेजारीण दारातच उभ्या होत्या. "आलात व्हय ताई? बाई सकाळधरनं तशाच बसल्यात बघा. च्या बी घेतला न्हाय. मी म्हनलं, बिस्कुट तरी खावा, तर माज्याकडं अशा बघितल्या की मला शाळा आठवली."

बाई पांढरं लुगडं नेसून, दार सताड उघडं ठेवून खुर्चीत बसल्या होत्या. समोर स्टुलावर इस्त्री केलेला पांढरा रुमाल. हात थरथरत होते आणि कपाळावर घाम होता. मी साखरपाणी केलं. त्यांनी मान हलवली.

"आधी ते येऊ देत."

"बाई, पडाल."

"खुर्चीतच आहे. किती लांब पडणार?"

मी सेक्रेटरीला फोन लावला. "कितव्या घरी आहात?"

"आठव्या. आंटी, इथं कोणी दारच उघडत नाहीये."

"उघडणार नाहीत. ते सोडा. आत्ताच्या आत्ता बाईंकडे या."

ते वीस मिनिटांत आले. पाळकसाहेबांचा रुमाल पिळावा इतका ओला होता. सेक्रेटरीचा चेहरा लाल. ज्या अवस्थेत त्याला पाहायचं मी महिनाभर मनात धरलं होतं, अगदी तसाच तो माझ्यासमोर उभा होता आणि मला त्याच्याकडे बघायला वेळ नव्हता. मी भाकरीचा तुकडा रसात भिजवायला सांगितला. प्रार्थना झाली, बाईंनी प्रभुभोजन घेतलं, मग साखरपाणी, मग मऊ भात, मग गोळ्या. अर्ध्या तासाने हात थांबले.

तोही बाईंचाच विद्यार्थी. खालच्या आवाजात म्हणाला, "सॉरी बाई. तुम्ही लिस्टमध्ये शेवटी होतात."

"यादी कोणी केली?"

तो गप्प राहिला. ते मला अजून आठवतं. त्याला माझ्याकडे बोट दाखवता आलं असतं.

"मी केली," मी म्हटलं.

"अशी का केलीस?"

"यांनी मला सभेत विश्रांती दिली, बाई."

"मग? घेतलीस?"

"नाही."

"मग महिनाभर काय करत होतीस?"

मी साखरपाण्याचा रिकामा पेला उचलला. बाईंना कळलं. त्या हसल्या, म्हणजे खांदे हलले. "सूड घेणं फार कष्टाचं काम आहे गं. या वयात झेपत नाही. मी सत्तरीत सोडलं."

पाळकसाहेब खोकले.

मग त्या त्याच्याकडे वळल्या. "आणि तू रे? विश्रांती काय ठराव करून देतात? देवाने सहा दिवस काम केलं. त्याला सातव्या दिवशी कोणी शाल दिली नाही. केलेलं काम त्याने बघितलं, चांगलं झालंय म्हणाला, आणि मग स्वतःहून थांबला." परत माझ्याकडे. "तू कधी बघितलंस गं? एकोणीस वर्षं नुसती पुढचं पान उलटत आलीस. बघितल्याशिवाय थांबवलं की माणूस असंच करतं."

पुढच्या दोन शनिवारी दुपारी मी त्याला आमच्या घरी बोलावलं. पाणी दिलं, साध्याच पेल्यात. वही समोर ठेवली. तो म्हणाला, "आंटी, फोटो काढून घेतो ना पानांचे."

"फोन खिशात ठेवा. लिहा."

"सगळं?"

"सगळं. हाताने. आणि ताई म्हणा."

त्याने दोन्ही दुपारी लिहिलं. बोटं दुखली त्याची. मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तो लिहीत असताना मी पहिल्यांदाच ती वही पहिल्यापासून वाचली. किती तरी नावांवर रेघ होती, म्हणजे ती माणसं देवाघरी गेली. त्यातल्या एकालाही आम्ही शेवटच्या महिन्यात चुकवलं नव्हतं. काम चांगलं झालं होतं. हे मला त्या दुपारी कळलं.

जूनच्या पहिल्या रविवारी अकराला पाच कमी असताना त्याचा मेसेज आला: "पहिलं घर झालं, ताई. बाई चहा पितायत." मी फोन ठेवला, पंखा वाढवला आणि आडवी झाले. पाच वाजता नवऱ्याने चहाला उठवलं.

शाल अजून प्लास्टिकमध्येच आहे. "वयही झालं" हे मी विसरलेले नाही. रोज सकाळी ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची माझी एक यादी असते. सेक्रेटरीचं नाव मी तिच्यात घातलं, सगळ्यात खाली. बऱ्याचदा तिथपर्यंत पोचायच्या आत शाळेला निघायची वेळ होते. पण शेवटच्या घरचं माणूस उपाशी बसतं हे आता मला माहीत आहे. म्हणून परवा त्याला वर घेतलं. तिसऱ्या नंबरावर. याहून वर इतक्यात नाही.