डॅन्यूबकाठची सायकल आणि भंडाऱ्याची शुगर

आमची मुलगी जर्मनीत नोकरी करते. तिनं उन्हाळ्यात आम्हा दोघांना बोलावलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं बागा, किल्ले आणि फोटो होते. पोचल्यावर आठवड्याभरात तिनं नकाशा पसरला आणि सांगितलं, आपण डॅन्यूब नदीच्या काठानं सायकलवर व्हिएन्नाला जातोय.

"काहून? इथं गाड्या बंद आहेत का?" माझे यजमान म्हणाले. भंडाऱ्यात आमचं कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या साड्यांचं पिढीजात दुकान आहे, आणि दुकानदार माणूस सायकलवर दिसला की गावाला वेगळी शंका येते.

मुलीनं समजावलं की हा युरोपातला फार नावाजलेला सायकलमार्ग आहे. पूर्वी या काठानं घोडे चालायचे आणि दोर लावून नावा उलट्या प्रवाहात ओढायचे. आता घोड्यांच्या जागी देशोदेशीची माणसं येतात, तीही स्वखर्चानं आणि महिनोन् महिने आधी खोल्या राखून.

मला सायकल नवी नव्हती. अड्याळजवळच्या लहान गावातून मी अड्याळच्या शाळेत वडिलांच्या दांडीच्या सायकलवर जात होते. लग्न ठरलं त्याच दिवशी ती सायकल सुटली. सासरी सायकल होती, पण ती दुकानात सूत आणून देणाऱ्या माणसाची.

पासाऊला, जिथून आम्ही निघणार होतो, मुलीनं तिघांसाठी बॅटरीवाल्या सायकली सांगून ठेवल्या होत्या. यजमानांनी त्यांची नाकारली. "मोटर लावाची, तर सायकल कायले म्हणाची?" असं म्हणून त्यांनी साधी घेतली. मी बॅटरीची घेतली. या बाबतीत मला काही तत्त्वं नव्हती.

रस्ता गुळगुळीत, सपाट. एका बाजूला नदी, दुसरीकडे डोंगरउताराचं रान, आणि वळणावळणावर सायकलचं चित्र असलेली पाटी. हरवायचं म्हटलं तरी हरवता येऊ नये. सगळा संसार सायकलच्या दोन्ही बाजूंना लटकवून माणसं चालली होती. दुपारच्या सुमारास एक पांढऱ्या केसांच्या बाई घंटी वाजवत यजमानांच्या पुढं निघून गेल्या. माझ्या सासूबाई असत्या तर त्याच वयाच्या.

"बॅटरी असंन," यजमान म्हणाले.

"नाही बाबा, साधीच आहे," मुलगी मागून म्हणाली.

मग त्यांनी त्या बाईंना गाठायचा चंग बांधला. बाई सापडल्या नाहीत, पण संध्याकाळी यजमानांना कुठंच बसता येईना. मुक्कामाच्या घरी ते उभ्यानं जेवले. घरमालकिणीला वाटलं, आमच्या धर्मात काही व्रत असावं. तिनं आदरानं आवाज खाली आणला. मुलीनं तिचा गैरसमज दूर केला नाही.

पुढं एके सकाळी मी मागं नीट येतेय का हे बघायला त्यांनी मान वळवली आणि सायकलसकट ते काठावरच्या खाजऱ्या झुडपात गेले. अंगात हाफपँट होती. पोटऱ्यांवर टरारून गांधी उठल्या. नेमक्या त्याच पांढऱ्या केसांच्या बाई आमच्या मागून आल्या. त्यांनी सायकल उभी केली, रस्त्याकडेचा कुठलातरी पाला तोडला, तळहातावर चोळला आणि यजमानांच्या पोटरीला रगडायला सुरुवात केली. जो माणूस घरी पाय चेपू म्हटलं तरी लाजतो, तो डोळे गच्च मिटून बसून राहिला. आग कमी झाली. बाई हसल्या, काहीतरी बोलल्या आणि पुन्हा आम्हाला मागं टाकून गेल्या.

मेल्क नावाच्या गावी यजमानांनी जाहीर केलं की त्यांचा गुडघा गेला. पुढच्या मुक्कामाला, क्रेम्सला, ते रेल्वेनं जाणार. त्यांना भाषा येत नाही म्हणून मुलगी सोबत जाणार. मी अर्थातच दोघांसोबत. तसं कुणी बोललं नव्हतं, पण तसंच असतं.

"तुम्ही दोघं जा," मी म्हटलं. "मी सायकलनं येते."

"एकटी?" यजमानांनी विचारलं. त्यांचा प्रश्न बरोबर होता. मी नागपूरलाही कधी एकटी गेलेली नाही. भंडाऱ्यात कुणीतरी बसमध्ये बसवून देतं, तिथं कुणीतरी उतरवून घेतं.

मुलीनं माझ्याकडं क्षणभर बघितलं. "आई, नदी डाव्या हाताला ठेव. बोटीनं पलीकडं गेलीस की उजव्या हाताला ठेव. बाकी काही नाही."

एवढं सोपं होतं. दोन्हीकडं द्राक्षांचे मळे आणि जर्दाळूची झाडं. एका घरापुढं जर्दाळू विकायला ठेवले होते, ते घेऊन मी नदीकडं तोंड करून बाकावर बसले. रस कोपरापर्यंत ओघळला. मी कुणाची सून, कुठल्या दुकानाची मालकीण हे त्या रस्त्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कुणाला जाणून घ्यायचीही घाई नव्हती. मला जरा भीतीच वाटली. मग बरं वाटलं. मग मी चढ नसताना बॅटरी बंद करून बघितली. पायांना अड्याळचा रस्ता आठवत होता.

नावाड्यानं त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. मी सरळ म्हटलं, "मले त्या अंगाले जाचं आहे." त्यानं मान डोलावली आणि माझी सायकल बोटीत चढवली. पुण्यात हेच वाक्य दोनदा सांगावं लागतं. अर्थात बोट दुसरीकडं कुठं जातही नव्हती.

क्रेम्सच्या स्टेशनवर मी आधी पोचले. त्या दोघांची वाटेत बदलायची गाडी चुकली होती. यजमान लंगडत उतरले, मला बाकावर बसलेली बघितलं आणि म्हणाले, "तुह्याकडं बॅटरी होती न."

भंडाऱ्याला परतल्यावर दुकानात त्यांनी सगळा प्रवास सांगितला. त्यांच्या सांगण्यात रेल्वे नव्हती, झुडूप नव्हतं, बॅटरी तर नव्हतीच. तरी कुणावर छाप पडेना. नणंद माझा हात हातात घेऊन म्हणाली, "एवढं शिकवलं पोट्टीले, अन् तिनं मायबापाले सायकलवर हिंडवलं? कार नाही का व तिच्याजवळ?"

मी एक साधी सायकल घेतली आणि सकाळी वैनगंगेचा पूल ओलांडून कारध्यापर्यंत जाऊ लागले. इथं वळणावर पाट्या नव्हत्या. त्याऐवजी माणसं होती. "काकू, गाडी पंक्चर झाली का?" "बसा, सोडून देतो." दोघं-तिघं दुकानात जाऊन यजमानांना हळूच विचारूनही आले, धंदा बरा आहे ना.

"बंद कर हे," यजमान म्हणाले. "लोक विचारून राहिले."

"काय सांगता मग त्यांले?"

ते चपला घालून दुकानात निघाले. पण दुसऱ्या दिवसापासून विचारणं थांबलं. कारण मला उशिरा कळलं. त्यांनी सांगितलं होतं, हिला शुगर आहे, डॉक्टरनं सायकल चालवायला लावली. गावाचा जीव भांड्यात पडला. चांगल्या घरची बाई हौसेनं सायकल चालवते हे पटत नव्हतं, आजारानं चालवते हे लगेच पटलं. पुलावरची माणसं आता मानेनं नमस्कार करून वाट देऊ लागली.

ही सोय मला फार महाग पडली. सानगडीच्या एका लग्नात वाढणाऱ्यानं जिलबीचं ताट माझ्यापुढून उचलून नेलं. "तुमाले चालत नाही न जी," तो प्रेमानं म्हणाला. चहा बिनसाखरेचा आला. समोर बसून यजमान जिलबी खात होते. त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं.

जेवणं झाल्यावर आमच्याच गल्लीतली एक बाई मला बाजूला घेऊन गेली. तिचा नवरा तिला भाजीलाही एकटी जाऊ देत नाही, तिची सासू तर त्याच्याही वर.

"तुह्या डॉक्टरचं नाव सांग न व," ती म्हणाली.

"काहून? तुलेही शुगर निघाली का?"

"कुठची शुगर! पण घरी नाव तं सांगा लागंन न."

मी तिला खरं सांगितलं, डॉक्टर नाही आणि शुगरही नाही. ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की लोक वळून बघू लागले. शेवटी आम्ही डॉक्टरला नागपूरला दवाखाना दिला, म्हणजे कुणी तपासायला जाणार नाही.

आता आम्ही दोघी जातो. ती हँडल फार घट्ट धरते, ट्रक आला की उतरते, आणि पूल संपेपर्यंत सासूबद्दल बोलत राहते. पुलावर नदी दोन्ही हातांना असते. काल ती पहिल्यांदा माझ्या पुढं गेली. मागून मी जोरात पॅडल मारून बघितलं, पण ती काही सापडली नाही.