कावळा शिवल्यानंतरचा व्हिडिओ

आमच्या गावच्या घरात ईमेल असलेला माणूस मी एकटाच, आणि त्याचा मला उगाचच तोरा आहे. पानशेतच्या हॉटेलवाल्यांना मी घरचा इंद्रायणी तांदूळ देतो, त्यांच्या ऑर्डरी मेलवर येतात. म्हणून आई गेली आणि धाकट्या भावाला रजा मिळाली नाही, तेव्हा "दहाव्याचा व्हिडिओ मी मेलवर पाठवतो, तू काळजी करू नको," असं मीच त्याला ऐटीत सांगितलं.

धाकटा आखातात एका गोदामात कामाला आहे. आमच्याकडे बापाचं क्रियाकर्म थोरल्याने आणि आईचं धाकट्याने करायचं असतं. त्याचा तो मान मला घ्यावा लागला, हे त्याला फार लागलं होतं. फोनवर म्हणाला, "दादा, व्हॉट्सॲपवर टाकू नको, त्यात समदं पुसट दिसतं. मेलवरच धाड. आईच्या पिंडाला कावळा शिवल्याला मला नीट बघायचाय."

दहावा गुंजवणीच्या काठी केला. मी पाण्याच्या कॅनला टेकवून मोबाईल उभा केला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि भटजींसमोर बसलो. पिंड ठेवून सगळे मागे सरकलो. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, पण एकही खाली उतरेना. पिंडाला कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली, असं धरतात. मग घरचे एकेक जण पुढे होऊन हात जोडतात आणि शब्द देतात. माझ्या बायकोने दिला, मामांनी दिला. कावळे ढिम्म. शेवटी मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "धाकट्याचं बोल. तिचा जीव त्याच्यात हाय."

मी हात जोडले. "आये, धाकट्याला अंतर देनार न्हाई. त्याची खोली त्याचीच ऱ्हाईल. त्यो येईल तवा त्याला मोकळी दिसंल."

कावळा उतरला आणि घास घेऊन गेला. बायका रडायला लागल्या, मीही रडलो. ते रडणं खरं होतं, एवढं तरी माझ्या बाजूने सांगतो. मग नदीत हात धुतले, ओल्या बोटानेच मोबाईलचं लाल बटण दाबलं, सदरा अंगात घातला आणि मोबाईल खिशात टाकून पंगतीच्या तयारीला लागलो.

घरी येऊन व्हिडिओ मेलला जोडायला गेलो, तर फाईल फार मोठी आहे म्हणे. मला नवल वाटलं. कावळ्याने वेळ लावला होता खरा, पण इतका? वाटलं, नवा मोबाईल आहे, चांगला कॅमेरा म्हणजे फाईलही दांडगीच होणार. व्हिडिओ उघडून शेवटपर्यंत बघण्याची काही माझी छाती झाली नाही. आईचा पिंड पुन्हा कोण बघणार? कावळा दिसेपर्यंत पुढे ढकलला, तो दिसला, बंद केला.

मग कळलं की एवढी फाईल मेलमधून जात नाही, ती आधी इंटरनेटवर चढवायची आणि मेलमध्ये नुसती लिंक पाठवायची. आमच्या गावात रेंज म्हणजे पाहुणी, आली तर आली. सरळ नसरापूर गाठलं. तिथल्या एका ओळखीच्या चहावाल्याकडे वायफाय आहे. सबंध दुपार त्याच्या बाकड्यावर बसून, फाईल किती चढली ते दाखवणाऱ्या मोबाईलवरच्या रेघेकडे बघत होतो. अर्ध्यावर यायची आणि अडकायची. लाइट गेली, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी एकदाची चढली, लिंक पाठवली, तर धाकट्याचा मेल: "उघडत नाही, परवानगी मागतंय." तीही कुठून द्यायची ते शोधलं आणि दिली. इतक्या चिकाटीने मी आयुष्यात दुसरं कुठलं काम केलं असेल असं वाटत नाही.

त्याचा मेल आला: "मिळाली दादा. डाउनलोड करून कायमची ठेवली. आज ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर लावतो. रूमवरची आपल्याकडची पोरं पण बघणार आहेत." मी तो मेल चहावाल्याला वाचून दाखवला.

त्यानंतर धाकट्याचा फोन येईना. मी लावला तर उचलेना. वाटलं, आई बघून पुन्हा खचला असेल. मग एक मेल आला.

"दादा, दिवाळीला रजा मिळाली आहे. मी नसरापूरला लॉजवर उतरेन. खोलीतली तांदळाची पोती हलवू नकोस."

आधी मला रागच आला. घर असताना लॉज? भावकी काय म्हणेल? तणतणत मेल पुन्हा वाचला आणि पोत्यांपाशी थांबलो. त्याच्या खोलीत मी पोती रचलीत, हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

व्हिडिओ लावला आणि या वेळी कावळ्यानंतर बंद केला नाही. पडदा काळा झाला. कापडाची खसखस, आणि मग चुलतभावाचा आवाज: "खोली खरंच मोकळी करनार व्हय रं?"

आणि माझा. "कसली खोली! तांदळाची पोती काय डोस्क्यावर ठिवू? त्यो कुठं येतोय ऱ्हायला? कावळ्यापुढं बोलावं लागतं तसं." वर आम्ही दोघं हसलो. मग मी आणखी सुटलो. "यायचं मनात असतं तर रजा बी मिळाली असती. आईचं समदं म्या काढलं, आन् ह्यो तिकडनं मोबाईलवर रडतोय."

बायको शेजारी तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. "कुनी काढलं?" एवढंच विचारलं. आईचं अंथरूण शेवटपर्यंत तिने धुतलं होतं, मी नाही.

मला कानशिलापर्यंत लाज वाटली. नदीकाठी हातावरचं पाणी वाळलं नव्हतं, पिंड तिथेच होता, आणि मी शब्द फिरवून मोकळाही झालो होतो. चुलतभावापुढे मी रोखठोक आणि व्यवहारी दिसावं, एवढ्यासाठी! आणि तेच मी बाकड्यावर बसून, जिवाचं रान करून, धाकट्यापर्यंत पोचवलं होतं. परक्या मुलखात चार पोरांना जवळ बसवून त्याने ते ऐकलं. ती पोरं तेव्हा कुठे बघत असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणि मी पहिलं काम काय केलं? इंटरनेटवरची फाईल पुसून टाकली. त्याने ती डाउनलोड करून कायमची ठेवली आहे, हे विसरून.

दुसऱ्या दिवशी पोती उचलली. निम्मी पडवीत रचली, निम्मी पानशेतला पडेल भावात देऊन टाकली. बायकोने खोली झाडली, लादी पुसली, आईची खाट आत आणून तिच्यावर धुतलेली चादर घातली. मी हात कोरडे करून मोबाईल घेतला. दारापासून खिडकीपर्यंत मोकळी खोली दाखवली, तोंडातून शब्द काढला नाही, आणि बटण दाबल्यावर ते खरंच बंद झालं का हे नीट बघितलं. व्हिडिओ छोटा होता. लिंक नको, नसरापूर नको, घरच्या ओट्यावरून मेलमधून लगेच गेला.

संध्याकाळी उत्तर आलं.

"दादा, खोली बघितली. व्हिडिओ एवढाच आहे, का पुढं अजून आहे?"

उत्तर लिहिण्याआधी मी तो व्हिडिओ कानाला लावून शेवटपर्यंत ऐकून पाहिला.