आमदारांचं आवडतं सदर

पुण्याच्या एका साप्ताहिकात मी यवतमाळहून राजकारणावर सदर लिहायचो. आमच्या आमदारांची टिंगल हा त्यातला कायमचा विषय. बोचरं लिहिलं की पुढारी चिडतात, असा पुण्यात समज आहे. आमचे आमदार अंक हाती पडला की फोन करत, "भाऊ, मस्त धुतलं!" आणि पुढच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार करत. थंडीत आलेल्या पाहुण्यांना आमच्या घरी शालीच पांघरायला मिळत.

त्या वर्षी कापसाचे भाव पडले आणि फुलसावंगीचं सरकारी खरेदी केंद्र काही उघडेना. तिथं माझा थोरला भाऊ शेती करायचा. त्याच्या घरात आढ्यापर्यंत कापूस. माणसं ओसरीत झोपत आणि दिवसभर अंग खाजवत. त्यात पुतणीचं लग्न ठरलेलं.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, पाहुने काय कापसावर बसवू? तुमी एवढं लिवता, तं ते कुलूप उघडते का पाहा."

मी लिहिलं. केंद्राच्या कुलपाची मुलाखतच घेतली. आमदारांनी ती भर सभेत वाचून दाखवली. लोक पोट धरून हसले, मीही हसलो. कुलूप तसंच.

मग मी आमदारांवर लिहायचंच सोडलं. निवडणूक जवळ आलेली. दोन अंक कोरडे गेल्यावर ते स्वतः घरी आले.

"भाऊ, काही चुकलं का माह्यं? वरचे लोक इचारून राह्यले, तुमचं नाव काहून नाही म्हणून."

"केंद्र उघडा, मग लिहितो."

"एवढंच? मंग आधी काहून नाही सांगितलं?"

सगळा तालुका दिवाळीपासून तेच सांगत होता. पण अर्ज करून, आणि अर्जात विनोद नसतो.

केंद्र उघडायचं ठरलं, पण आमदारांच्या सवडीपायी उद्घाटनाची तारीख दोनदा पुढं गेली. तोवर भावाचा धीर सुटला होता. लग्न तोंडावर, म्हणून त्यानं उद्घाटनाच्या आदल्याच दिवशी सगळा कापूस गावातल्या व्यापाऱ्याला पडेल भावात देऊन टाकला. वहिनीनं लगेच घर सारवून घेतलं.

उद्घाटनाला मला मंचावर बसवलं. पद्धतीप्रमाणे पहिल्या गाडीची पूजा झाली, बैलांना हार पडले. गाडीजवळ टोपी घालून शेतकरी म्हणून उभा होता तो त्या व्यापाऱ्याचा माणूस. आणि गाडीवरचं सगळ्यात वरचं गाठोडं वहिनीच्या हिरव्या लुगड्यात बांधलेलं होतं. आमचाच कापूस व्यापाऱ्याच्या खिशासाठी सरकारी भावानं आत चालला होता.

आमदार माइकवर म्हणाले, "ही आमच्या भाऊंच्या लेखणीची ताकद!" टाळ्या पडल्या. मला भयंकर संताप आला, पण तेवढ्यात गळ्यात हार पडला, आणि हार घालताना मान खाली घालावीच लागते.

खाली उतरलो तर भाऊ उभा. त्यानंही गाडी पाहिली होती.

"कापूस जाऊ दे," तो म्हणाला. "तुह्या वयनीचं लुगडं तेवढं मांगून आन. तुही वळख हाय न आमदारायसंग."