माकणीच्या रस्त्यावर गाडी शिकताना

अमेरिकेत शिकायला जायचं ठरलं, तेव्हा तिथं गाडी चालवता यायलाच हवी म्हणून वडिलांनी मला दूध सोसायटीच्या जीपवर शिकायला पाठवलं. सोसायटीचे ड्रायव्हर चाचा शेजारी बसून शिकवायचे. दुष्काळाचं साल होतं. एका सकाळी माकणीच्या रस्त्यावर पाण्याचा टँकर अडवून दोन गावं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन एकमेकांवर तुटून पडली होती. मी ब्रेक दाबला. जीपमधून पोलीस आले असं कुणाला तरी वाटलं आणि आमच्यावर दगड सुरू झाले. काच फुटून चाचांच्या तोंडावर आली. एकानं माझ्या दंडावर काठी हाणली.

"बेटी, थांबू नको! काढ गाडी!" चाचा ओरडले.

मी हॉर्न दाबून धरला आणि जीप गर्दीत घातली. माणसं शिव्या देत बाजूला उड्या मारत होती. लोहाऱ्याच्या दवाखान्यापर्यंत मी कुठंच थांबले नाही. तरी चाचांचा डावा डोळा गेलाच.

पुढं उस्मानाबादला लायसन्सची परीक्षा झाली. परीक्षा घेणाऱ्या आरटीओ साहेबांच्या शिपायानं रस्त्यात उभं राहून थांबायला हात वर केला. तो वर गेलेला हात बघून मी जीप जोरात पळवली. शिपायानं उडी मारली म्हणून वाचला.

साहेबांनी मला नापास केलं. मी लायसन्सशिवायच अमेरिकेला गेले.